पावसाळ्यानंतर कपाटभर संगणक मध्येच अडकतो: काय तपासावे आणि कुठे थांबावे

डिचोली तालुक्यातल्या आमच्या चिऱ्याच्या, कौलारू घराच्या पुढच्या खोलीत पीडीपी-११/३४ हा जुना संगणक उभा आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने हा नमुना १९७६ साली बाजारात आणला. काटेकोरपणे बोलायचे तर तो मेनफ्रेम नव्हे, मिनिकॉम्प्युटर होय; परंतु घरात असे यंत्र सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद फारसा उरत नाही. आयबीएम १४०१ असो, सिस्टिम/३६० असो किंवा माझे यंत्र असो, सगळ्यांची घडण एकच आहे: एका मोठ्या बॅकप्लेनच्या, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या मागच्या पाटीच्या, खाचांत उभी खोचलेली सर्किटची कार्डे, त्यांना जोडणारे शेकडो किंवा हजारो उघडे संपर्क, आणि त्या सर्वांना कमी व्होल्टवर भरपूर विद्युतप्रवाह पुरवणारा वीजपुरवठा. गोव्यातला पावसाळा या तिन्ही जागी शिरतो.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा करून ती सुरू करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मिरगापासून झाकून ठेवलेले जुने संगणकही बरेच जण त्याच दिवशी सुरू करतात, आणि त्यामुळे दसऱ्याच्या आसपास मला ओळखीच्या संग्राहकांचे फोन येऊ लागतात. गेली नऊ वर्षे तक्रार जवळजवळ शब्दशः तीच असते: "मे महिन्यात उत्तम चालत होता, आता सुरू होतो पण मध्येच अडकतो." माझ्या आणि त्यांच्या यंत्रांवर हा बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे. हा बिघाड बहुतेक वेळा चिपमध्ये नसतो, तो सांध्यांमध्ये असतो. चिप जाते ती नंतर, आपण घाईने वीज दिल्यामुळे किंवा चुकीच्या वस्तूने संपर्क घासल्यामुळे.

लक्षणे

पुढच्या तपासण्या कोणत्या लक्षणांसाठी आहेत ते आधी नीट पाहावे. पंखे फिरतात, पॅनेलवरचा डीसी ऑन दिवा लागतो, पण टर्मिनलवर काहीच उमटत नाही. पीडीपी-११/३४ मध्ये बूट कार्ड ठीक असेल तर सुरुवातीला चार अष्टमान संख्या आणि त्यापुढे @ हे चिन्ह येते. ते येत नाही, किंवा संख्या अर्धवट येऊन थांबतात. काही वेळा @ येते, यंत्र दहा-पंधरा मिनिटे चालते आणि मग कळफलकाला दाद देईनासे होते. सकाळी अडणारे यंत्र दुपारी, खोली तापल्यावर, चालते. कपाटाच्या बाजूवर हाताने हलकेच थोपटले किंवा एखादे कार्ड अंगठ्याने दाबले की ते पुन्हा चालू लागते. वीज देताच घरातला ईएलसीबी, म्हणजे अर्थकडे वीज गळताच पुरवठा तोडणारा ब्रेकर, पडतो, हेही याच कुळातले लक्षण आहे.

सर्वांत बोलके लक्षण स्मृतीच्या चाचणीत दिसते. चाचणी दर वेळी वेगवेगळ्या पत्त्यावर चूक दाखवत असेल तर संशय संपर्कांवर किंवा वीजपुरवठ्यावर घ्यावा. चूक दर वेळी त्याच पत्त्यावर, त्याच बिटवर येत असेल तर तो खरोखरच एखाद्या चिपचा दोष असू शकतो आणि त्याची वाट निराळी आहे. जळका वास, गुरगुर किंवा धूर असेल तर पुढचे काहीही करू नये. प्लग काढावा आणि शेवटच्या भागात ज्या कामांपाशी थांबायला सांगितले आहे ती आधी वाचावीत.

वीज देण्याआधी यंत्र कोरडे करणे

ही तपासणी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त वेळा टाळली जाते. काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्यावा आणि तो खोलीत भिंतीवर न लावता कपाटाच्या आत, खालच्या बाजूला ठेवावा, कारण खोलीतली हवा आणि बंद कपाटातली हवा यांत पुष्कळ फरक असतो. आतला आकडा ६० टक्क्यांच्या वर असेल तोवर यंत्राला वीज देऊ नये. समुद्राजवळच्या गावांत, म्हणजे मोरजी-हरमलच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे विशेष मनावर घ्यावे. साधे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. खाऱ्या वाऱ्याबरोबर संपर्कांवर बसलेला क्षाराचा अदृश्य थर त्या आकड्याच्या वर गेला की वीज वाहून नेणारा ओलावा बनतो आणि धातू खाऊ लागतो.

कोरडे करण्यासाठी डिह्युमिडिफायर उत्तम. माझ्या खोलीत पहिल्या चोवीस तासांत त्याची टाकी दोनदा रिकामी करावी लागते आणि कपाटातला आकडा ५० च्या घरात स्थिरावायला पाच ते सात दिवस लागतात. कार्डांच्या पट्ट्यांत आणि तारांच्या जुन्या वेष्टणांत मुरलेला ओलावा सावकाश बाहेर पडतो, म्हणून पहिल्या दिवशी आकडा उतरला तरी विश्वास ठेवू नये. डिह्युमिडिफायर नसेल तर आपल्याकडचा जुना उपाय आहे. भजनाची पेटी आणि तबला ज्या कपाटात ठेवतात तिथे आपण पावसाळाभर झिरोचा दिवा लावून ठेवतो. त्यामागचे गणित सरळ आहे: ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेली हवा केवळ पाच अंशांनी तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता ६४ टक्क्यांवर येते. जूनपासून कपाटाच्या तळाशी असा दिवा, कागदापासून आणि तारांपासून दूर, जाळीच्या आत लावून ठेवला तर ऑक्टोबरातले अर्धे काम वाचते.

वातानुकूलन यंत्राविषयी मात्र सावध राहावे. ३० अंश आणि ८५ टक्के या हवेचा दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. खोली २४ अंशांवर थंड केलेली असताना वीज गेली आणि कोणी दार उघडले, तर बाहेरची हवा आत येऊन थंड धातूवर अक्षरशः पाणी होते. दुसऱ्या वर्षी जुलैत माझ्याकडे हेच घडले. पाहुण्यांना यंत्र दाखवायचे म्हणून रात्रभर खोली थंड ठेवली, पहाटे वीज गेली, गुदमरायला नको म्हणून दारे उघडली गेली, आणि आठ वाजता वीज आल्यावर मी कळ दाबली. स्मृतीचे एक कार्ड तिथेच गेले. नंतर ते बाहेर काढले तेव्हा चिपांच्या रांगांमध्ये, फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर जमतात तसे बारीक थेंब होते. वातानुकूलन सतत चालवता येत असेल तरच चालवावे. अधूनमधून चालवण्यापेक्षा ते नसलेले बरे.

डोळे, नाक आणि टॉर्च

आता प्लग काढलेला आहे याची खात्री करून कपाट उघडावे. पंख्यांच्या जाळ्या प्रथम पाहाव्यात, कारण पावसाच्या तोंडावर कुंभारीण माशी तिथे मातीची घरटी बांधते आणि एका बंद पडलेल्या पंख्यामुळे वीजपुरवठ्याचा एक भाग अर्ध्या तासात तापून अडकतो. प्रत्येक पंखा बोटाने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरून सावकाश थांबला पाहिजे. कार्डांच्या वर आणि बॅकप्लेनच्या पिनांत पाल, मुंगळे किंवा त्यांची विष्ठा आहे का ते टॉर्चने तिरपा प्रकाश टाकून पाहावे. बॅकप्लेनच्या पिना एकमेकींपासून इतक्या जवळ असतात की वाळलेली एक शेपूटही दोन तारा जोडायला पुरते.

मग हवा गाळणारा किंवा आवाज दाबणारा फोम पाहावा. १९७० च्या दशकातला पॉलियुरेथेन फोम दमट हवेत विघटित होतो आणि बोट लावताच काळ्या, चिकट चुऱ्यात कोसळतो. तो चुरा पंख्याबरोबर सगळीकडे पसरतो. डिस्कच्या आत गेला तर तबकडी वाचणारे-लिहिणारे डोके आणि तबकडी दोन्ही जातात. असा फोम दिसला तर व्हॅक्यूम क्लिनरने ओढून, उरलेला लाकडी पट्टीने खरवडून पूर्णपणे काढावा आणि नवा बसेपर्यंत डिस्कला हात लावू नये.

याच वेळी बॅटऱ्या शोधाव्यात. स्मृती टिकवण्यासाठी किंवा वीज गेल्यावर डिस्कचे डोके मागे ओढण्यासाठी काही यंत्रांत निकेल-कॅडमियमचे संच असतात. त्यांच्यातून गळणारा अल्कधर्मी द्रव तांब्याच्या वाटा खातो. गळती ताजी असेल तर हातमोजे घालून, पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने पुसून, स्वच्छ पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा साफ करावी. बॅटरी काढून टाकावी. संग्रहातल्या यंत्राला तिची गरज नसते.

घरची वीज

भिंतीतल्या सॉकेटवर व्होल्ट मोजावेत, तेही घरातला पंप किंवा गिझर चालू असताना. २३० व्होल्टच्या जागी १९० मिळत असतील तर यंत्रात दोष शोधणे व्यर्थ आहे. परदेशातून आलेल्या यंत्रांत ११५ आणि २३० व्होल्टची जोडणी बदलण्याची सोय असते. ती खरोखर २३० वर आहे का हे लेबल न वाचता प्रत्यक्ष तारा पाहून ठरवावे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला तर अर्थिंगवर संशय घ्यावा. आपली जांभ्याची जमीन पावसात भिजलेली असताना अर्थ चांगला देते आणि उन्हाळ्यात कोरडी पडली की तोच खड्डा निकामी होतो, म्हणून ही नोंद वर्षातून दोनदा घ्यावी.

ईएलसीबी पडत असेल तर त्याचे कारण समजून घ्यावे. अशा बहुतेक जुन्या उपकरणांच्या वीज-प्रवेशाशी एक फिल्टर असतो आणि त्यातले कपॅसिटर थोडा प्रवाह अर्थकडे सोडतच असतात. संगणक, दोन डिस्क आणि टर्मिनल मिळून ही गळती जमत जाते, त्यात ओलावा मिसळला की घरगुती ईएलसीबीची ३० मिलिअँपिअरची मर्यादा ओलांडली जाते. प्रत्येक उपकरण एकेकटे लावून पाहिले की दोषी कोण ते कळते, आणि बहुतेक वेळा आठवडाभर कोरडे केल्यावर ही तक्रार आपोआप जाते. एकदा आमच्याकडे आलेला वायरमन मला म्हणाला, "साहेब, ब्रेकरच नाजूक आहे, बाजूने वायर टाकून देऊ का?" मी त्याला नको म्हटले, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकानेही नकोच म्हणावे. लोखंडी कपाट, ओली फरशी आणि अनवाणी पाय असताना तो ब्रेकर आपला जीव राखतो. कोरडे करूनही तो पडत राहिला तर परवानाधारक माणसाकडून मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मापकाने, इन्सुलेशन मोजून घ्यावे. मात्र मेगर ५०० व्होल्ट देतो, म्हणून त्याआधी सगळी कार्डे वीजपुरवठ्यापासून वेगळी केलेली असली पाहिजेत, हे त्याला स्वतः सांगावे.

फिल्टरमध्ये पारदर्शक, पिवळसर कवचाचे चौकोनी कागदी कपॅसिटर दिसले आणि त्या कवचावर केसासारख्या चिरा असतील, तर ते चालत असले तरी बदलावेत. चिरांतून कागदात ओल शिरते आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत ते धूर सोडून फुटतात.

कार्डे आणि त्यांचे संपर्क

माझ्या अनुभवात हा बिघाड बहुतेक वेळा इथेच सुटतो, म्हणून इथे घाई करू नये. एका हेक्स कार्डाच्या कडेवर सहा कनेक्टर आणि प्रत्येकाला दोन्ही बाजू मिळून ३६ संपर्क, म्हणजे एकूण २१६ संपर्क असतात. पीडीपी-११/३४ चा प्रोसेसर अशा दोन कार्डांवर आहे. नुसता प्रोसेसर बोलता व्हायचा तर ४३२ जागी धातूला धातू नीट टेकला पाहिजे. त्यावरचा सोन्याचा थर मायक्रोमीटरच्या आसपास असतो, आणि त्याखाली निकेल व तांबे. सोन्याला गंज चढत नाही, पण त्या पातळ थरातल्या सूक्ष्म छिद्रांतून खालचा तांब्याचा क्षार वर येतो. भिंगातून पाहिले तर तांब्याच्या भांड्यावर दिसतो तसा हिरवट ठिपका, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, पट्टीच्या मधोमध बसलेला दिसतो. खाचेतली स्प्रिंग नेमकी त्यावर टेकली की संपर्क तुटतो. यंत्र तापून धातू किंचित सरकला की पुन्हा जुळतो. सकाळी अडणे आणि दुपारी चालणे याचा उलगडा हा आहे.

प्लग काढून किमान दहा मिनिटे थांबावे. प्रत्येक कार्डाचा, केबलचा आणि खाचेचा फोटो घ्यावा, आणि कागदी चिठ्ठीवर क्रमांक घालून ती कार्डाच्या मुठीला दोऱ्याने बांधावी. कार्ड चुकीच्या खाचेत गेले तर ते आणि शेजारचे दोन्ही जळू शकतात. मनगटाला अर्थचा पट्टा बांधावा. पावसात स्थिर वीज कमी असली तरी आपण खोली नुकतीच ४५-५० टक्क्यांवर आणलेली आहे.

प्रथम काहीही न पुसता प्रत्येक कार्ड दोन्ही मुठींनी सरळ बाहेर काढून पुन्हा पूर्ण आत बसवावे, असे दोन-तीन वेळा करावे. आत-बाहेर होताना स्प्रिंग पट्टीवरचा पातळ थर स्वतः खरवडते आणि पुष्कळदा एवढ्यानेच यंत्र उठते. तरीही सुधारणा नसेल तर कार्ड बाहेर काढून, धागे न सुटणारे पांढरे सुती कापड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओले करून, पट्टीच्या लांबीच्या दिशेने, आतून कडेकडे पुसावे. कापडावर उमटणारी काळी रेघ हीच आपली दोषाची पावती आहे. रेघ उमटेनाशी होईपर्यंत कापडाची नवी नवी जागा वापरावी. अर्धा तास वाळू द्यावे आणि तोवर जवळ निरंजन किंवा उदबत्ती नसावी. पूजेच्या दिवशी हे काम करणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

खोडरबराने संपर्क घासू नयेत. अनेक जुने तंत्रज्ञ तसे करत आणि त्यांचे यंत्र चालतही असे, कारण त्यांना पाच वर्षे काढायची होती. रबरातली बारीक पूड सोने घासून काढते, एकदा निकेल उघडे पडले की पुढच्या पावसाळ्यात तीच पट्टी दुप्पट वेगाने खराब होते, आणि नवे कार्ड आणायला दुकान नाही. १९७८ साली आयबीएमने भारतातून आपला कारभार गुंडाळला. त्या पिढीतली यंत्रे पुढे भंगारात निघाली तेव्हा सोन्यासाठी कार्डांच्या कडाच कापून घेतल्या जात. मी भंगारातून घेतलेल्या एका खोक्यात अशी कड कापलेली सात कार्डे निघाली, वरचे सगळे काम शाबूत आणि खालची पट्टी करवतीने सरळ कापलेली. ती मी अजून जपून ठेवली आहेत, कारण त्यांवरच्या चिपा कामाला येतात. ज्यांच्या कार्डांच्या कडा अजून शाबूत आहेत त्यांनी त्या रबराने घालवू नयेत. गंज सुटा करणारे तेलकट स्प्रेही खाचांत मारू नयेत. त्यांचा थर वर्षभर लाल धूळ धरून ठेवतो.

कार्डे बसवताना युनिबसची, म्हणजे सगळ्या कार्डांना जोडणाऱ्या सामायिक तारांच्या मार्गाची (बसची), साखळी तपासावी. या यंत्रांत परवानगीचा इशारा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत हातोहात जातो, म्हणून रिकाम्या खाचेत जी७२७ हे छोटे कार्ड बसवलेले असावे लागते. साफसफाईत ते राहून गेले किंवा उलटे बसले तर साखळी तुटते आणि यंत्र वीज देताच गप्प बसते. लोक याला नवा बिघाड समजतात. पेडण्याच्या माझ्या एका स्नेह्यांनी दोन रात्री प्रोसेसरवर संशय घेत घालवल्या आणि ते बोटभर कार्ड त्यांच्या टेबलावर कापडाखाली सापडले. बसच्या दोन्ही टोकांचे टर्मिनेटरही (तारांची टोके बंद करणारी कार्डे) पक्के बसलेले असावेत; ते ठीक असतील तर यंत्र स्तब्ध असताना बसच्या डेटा रेषांवर सुमारे ३.४ व्होल्ट मिळतात. एखादीच रेषा फार खाली असेल तर त्या रेषेवरचे एखादे कार्ड तिला ओढत आहे, आणि कार्डे एकेक काढत गेले की ते सापडते.

सॉकेटमधल्या चिपांच्या पायांवर चांदीचा मुलामा असेल तर ते काळे पडलेले दिसतील. अशा चिपा अंगठ्याने समान दाबून खाली बसवाव्यात, आणि तरीही शंका असेल तरच काढून पुसाव्यात. ठिसूळ झालेला पाय एकदा तुटला की तुटला.

पाच व्होल्ट खरोखर पाच आहेत का

इथून पुढे झाकण उघडे ठेवून चालू यंत्रावर काम करावे लागते. ज्यांना मल्टिमीटरची सवय नाही त्यांनी इथे थांबावे आणि सवय असलेल्याला बोलवावे. अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवावे: पाच व्होल्टचा शॉक बसत नाही, परंतु २५ अँपिअर अंगठीतून गेले तर बोट भाजते.

पीडीपी-११/३४ च्या मोठ्या पेटीत एका जड ट्रान्सफॉर्मरपुढे एच७४४ नावाचे पाच व्होल्टचे सुटे रेग्युलेटर असतात, प्रत्येकी २५ अँपिअरपर्यंत देणारे. त्या काळच्या तर्कचिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. बहुतेक जण रेग्युलेटरच्या तोंडाशी मोजतात, ५.०० दिसले की समाधान मानतात आणि चुकतात. मोजायचे ते बॅकप्लेनवर, सगळी कार्डे बसलेली असताना, आणि सर्वांत दूरच्या खाचेपाशी. मधल्या कनेक्टरमध्ये ओलाव्याने केवळ १० मिलिओहम रोध वाढला तर २५ अँपिअरवर पाव व्होल्ट तिथेच गळतो, म्हणजे कार्डांना बरोबर ४.७५ मिळतात, आणि त्या एका सांध्यात सव्वासहा वॉट उष्णता साठते. त्या उष्णतेने स्प्रिंग ढिली पडते, रोध आणखी वाढतो, आणि पंधरा मिनिटांनी यंत्र अडकते. अशा कनेक्टरचे पांढरे प्लॅस्टिक एका पिनेभोवती करपलेल्या पोळीसारखे तपकिरी दिसते. रंग बदललेला दिसला की पुसण्यात वेळ घालवू नये. पिना आणि कवच दोन्ही नवे घालावेत, कारण गेलेला ताण परत येत नाही.

तोंडाशीच व्होल्ट कमी असतील तर बॅकप्लेन वेगळा करून रेग्युलेटर अर्ध्या ओहमच्या, १०० वॉट सोसणाऱ्या रोधावर चालवून पाहावा. तिथे १० अँपिअर वाहतात आणि ५० वॉट उष्णता निघते, म्हणून रोध लाकडावर ठेवू नये. व्होल्ट ठीक पण ऑसिलोस्कोपवर लाट मोठी दिसत असेल तर मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थकलेले आहेत. वर्षानुवर्षे पडून असलेल्या कपॅसिटरला एकदम पूर्ण दाब देऊ नये. तो बाहेर काढून, बाकाच्या वीजपुरवठ्यावर मोठ्या रोधातून, काही तास सावकाश चढवावा. आपल्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानांतला सिरीजचा दिवा पहिल्या कळीसाठी चांगला आहे: ट्रान्सफॉर्मरच्या यंत्रात आत शॉर्ट असेल तर दिवा भगभगून पेटतो आणि यंत्र वाचते. परंतु १९८० च्या दशकातल्या, थेट २३० व्होल्ट एकदिश करून चालणाऱ्या स्विचिंग पुरवठ्यांवर सिरीजचा दिवा किंवा व्हेरिॲक (दाब कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) वापरून काही निष्पन्न होत नाही, कारण दाब कमी मिळाला की ते जास्त प्रवाह ओढू पाहतात किंवा सुरूच होत नाहीत.

कुठे थांबावे

अशा स्विचिंग पुरवठ्याच्या प्राथमिक बाजूला ३०० व्होल्टच्या वर एकदिश दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो उरतो. तिथे स्वतः हात घालू नये. वीजपुरवठे दुरुस्त करणाऱ्या अनुभवी तंत्रज्ञाकडे ती पेटी सुटी करून न्यावी. टर्मिनलच्या चित्रनळीचेही तेच, तिथे तर दाब १०,००० व्होल्टच्या पुढे जातो. तीन फेजवर चालणारे यंत्र कोणी मिळवले असेल तर त्याची जोडणी परवानाधारक वायरमननेच करावी. मोठ्या ट्रान्सफॉर्मरजवळ पत्र्याच्या डब्यातला, तेल गळणारा जुना कपॅसिटर दिसला तर तो पुसूही नये. १९८० पूर्वीच्या अशा डब्यांत पॉलिक्लोरिनेटेड बायफिनिल हे विषारी तेल असू शकते. हातमोज्यांनी यंत्र बाजूला ठेवून घातक कचरा हाताळणाऱ्या अधिकृत माणसांना विचारावे.

चुंबकीय कोअर स्मृतीच्या जाळीला कोणीच हात लावू नये, मीही लावत नाही. तिच्या पोवळ्याएवढ्याही नसलेल्या कड्यांतून ओवलेली तार तुटली तर ती भिंगाखाली पुन्हा ओवणारा माणूस शोधावा लागतो. जाळीभोवतीच्या कार्डांचे संपर्क पुसावेत, दाब मोजावेत, आणि तेवढ्याने चूक गेली नाही तर ते कार्ड कोरड्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवून द्यावे.

डिस्कची पाळी सर्वांत शेवटी. माझ्यासारख्या यंत्रांना जोडल्या जाणाऱ्या आरएल०२ या डिस्कची १४ इंची तबकडी मिनिटाला २४०० फेरे घेते आणि डोके हवेच्या इतक्या पातळ थरावर तरंगते की बुरशीचा एक तंतू त्याला पुरतो. प्रोसेसर सलग चार तास न अडकता चालल्याशिवाय, गाळण्या बदलल्याशिवाय आणि तबकडी तिरप्या प्रकाशात दोन्ही बाजूंनी तपासल्याशिवाय डोके उतरवू नये. तबकडीवर ठिपके किंवा धुरकट डाग दिसले, अथवा फिरताना बारीकसा खरखर आवाज आला, तर तत्काळ बंद करावे. तिच्यावर एकमेव प्रत असलेला मजकूर असेल तर पुढचा प्रयत्न स्वतः न करता डिस्कमधून मजकूर वाचण्याचा अनुभव असलेल्याकडे सोपवावा.

ज्याला बोलवाल त्याच्यासाठी एक वही तयार ठेवावी. माझ्या वहीत प्रत्येक खंडेनवमीच्या पानावर कपाटातली आर्द्रता, सॉकेटचे व्होल्ट, न्यूट्रल-अर्थ दाब, बॅकप्लेनच्या दोन्ही टोकांचे पाच व्होल्ट आणि त्या वर्षी पुसलेल्या कार्डांचे क्रमांक आहेत. दूरच्या टोकाचा आकडा गेल्या तीन वर्षांत ४.९६, ४.९३ आणि ४.८८ असा उतरत आला आहे. या तीन वर्षांत यंत्र एकदाही अडलेले नाही, पण येत्या दिवाळीआधी त्या बाजूचा कनेक्टर मी बदलणार आहे. पिना आणून ठेवल्या आहेत.